भागीदारी रजिस्टर नाही आणि भागीदाराने गाड्या परस्पर विकल्या. नुकसानभरपाईचा दावा लावता येईल का?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात दोघांनी मिळून जुन्या गाड्यांचा धंदा सुरू केला, भांडवल तुमचं, खरेदी-विक्री त्याची. स्टॅम्पपेपरवर करार झाला, पण फर्म रजिस्टर केली नाही. आता कळतंय की काही गाड्या रोखीने विकून त्याने पैसे स्वतःकडेच ठेवले.

मी दिवाणी वकिली करतो. माझं स्पष्ट मत आहे, नुसत्या नुकसानभरपाईचा दावा लावू नका. भागीदारी कायदा 1932 च्या कलम 69 प्रमाणे फर्मची नोंदणी नसेल तर करारातल्या हक्कासाठी एका भागीदाराला दुसऱ्यावर दावा लावता येत नाही. समोरचा वकील आधी हेच काढेल. आता नोंदणी करू म्हणाल, तर अर्जावर त्याचीही सही लागते. तो कशाला करेल?

तुमचा दावा हवा भागीदारी विसर्जनाचा आणि हिशोबाचा. ही वाट कलम 69 नेच मोकळी ठेवली आहे. महाराष्ट्राने 1984 च्या दुरुस्तीने ती बंद केली होती आणि भांडवल घातलेली माणसं हात चोळत बसत. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुब्रमण्यम खटल्यात ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. 'आपल्याकडे असा दावा चालत नाही' असं कोणी सांगितलं तर हा निकाल पुढे करा.

तुमचं नुकसान याच हिशोबात धरलं जातं. कलम 16 प्रमाणे फर्मच्या व्यवहारात परस्पर मिळवलेला नफा परत द्यावा लागतो, आणि कलम 10 प्रमाणे फसवणुकीने झालेला तोटा त्याने एकट्याने भरायचा असतो. कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से ठरवतं, मग हिशोबासाठी कमिशनर नेमतं.

कमिशनरपुढे 'त्याने मला लुबाडलं' हे वाक्य कामाचं नाही. प्रत्येक गाडीचं वेगळं पान करा: नंबर, कोणाकडून किती रुपयांना घेतली, डेंटिंग-पेंटिंग आणि टायरला किती गेले, विसार कधी आला, डिलिव्हरी कधी दिली. त्याने वहीत चार लाख दाखवले असतील आणि गिऱ्हाईकाने लोन काढलं असेल, तर फायनान्स कंपनीच्या कागदांवर खरी किंमत सापडते. नावावर कधी झाली ते आरटीओच्या नोंदीत असतं. दोन्ही कोर्टामार्फत मागवता येतं. व्हॉट्सॲपवरचे सौदे दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडा, आणि फोन विकू नका.

पोलिसांत जायची घाई नको. भागीदारीच्या मालमत्तेवर दोघांचाही ताबा असतो, म्हणून भागीदारावर सहसा विश्वासघाताचा गुन्हा टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्येच वेलजी राघवजी पटेल खटल्यात म्हटलंय. खोटी कागदपत्रं असतील तर गोष्ट वेगळी.

करारात मुदत नसेल तर लेखी नोटीस देऊन भागीदारी संपवता येते; त्या दिवसापासून हिशोबाच्या दाव्याला तीन वर्षं. करारात लवादाचं कलम आहे का तेही बघा, असेल तर प्रकरण तिकडे जाईल. मागणी तीन लाख किंवा जास्त असेल तर व्यावसायिक न्यायालयाचा कायदा लागतो आणि दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची असते. पण यार्डात अजून गाड्या उभ्या असतील आणि तो त्या विकत असेल, तर मध्यस्थीची सक्ती नसते, थांबू नका. दाव्यासोबतच तातडीच्या मनाईचा आणि रिसीव्हर (कोर्टाच्या वतीने गाड्या ताब्यात घेऊन सांभाळणारा माणूस) नेमण्याचा अर्ज द्या, त्यात उरलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर लिहा.