अल्पवयीनांचे गुन्हे मोजायचेत? आधी स्टेशन डायरी बघा

प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्रात एमए झालंय, शासकीय प्रकल्पावर संशोधन अधिकारी म्हणून नेमणूक मिळालीय, विषय 'अल्पवयीनांमधील गुन्हेगारीला प्रतिबंध'. वरिष्ठांनी एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे) दहा वर्षांचे तक्ते काढून ट्रेंड दाखवायला सांगितलंय. कामाची सुरुवात तिथूनच करावी का?

तक्ते काढून ठेवा, मागितलेत म्हणून. पण आलेखाखाली 'वाढ' किंवा 'घट' हा शब्द लिहिण्याआधी दोन दिवस पोलीस ठाण्यात बसा आणि नोंद कशी होते ते बघा. या विषयातल्या निम्म्या चुका तिथेच कळतात.

कारण असं. बाल न्याय अधिनियम २०१५ खालच्या केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत नियम ८ आहे. त्यानुसार मुलावर घृणास्पद गुन्ह्याचा (किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त) आरोप असेल किंवा त्याच्यासोबत प्रौढ आरोपी असतील, तरच एफआयआर. एरवी स्टेशन डायरीला (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) नोंद करायची, नमुना १ मध्ये सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल भरायचा आणि तो बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. एनसीआरबी मोजते ते एफआयआर. म्हणजे जे ठाणं नियम तंतोतंत पाळतं त्याचा आकडा लहान, आणि जे सरसकट गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे एफआयआर) टाकतं त्याचा मोठा. मोबाईल चोरणारी पोरं दोन्हीकडे तितकीच असू शकतात. कोयत्याची चार प्रकरणं वर्तमानपत्रांत गाजली आणि वरून तोंडी सूचना आली, की डायरीतली नोंद एफआयआरच्या रजिस्टरात जाते, आणि आलेख चढतो. त्यामुळे निदान पाच-सहा ठाण्यांत एकाच तिमाहीच्या डायरीतल्या नोंदी आणि एफआयआर शेजारी शेजारी मांडा. त्यांचं आपसातलं प्रमाण किती बदलतं हाच तुमचा पहिला खरा निष्कर्ष.

तक्त्यांत आणखी दोन खाचा आहेत. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी मोजणी सर्वांत गंभीर कलमाखाली एकदाच होते. आणि 'दर लाख बालकांमागे' हा जो दर छापतात, त्याच्या छेदात पाळण्यातली बाळंही धरलेली असतात, तीही २०११ च्या जनगणनेवरून पुढे ताणलेल्या अंदाजाने. ज्या वस्तीत बाहेरगावाहून आलेली कुटुंबं जास्त, तिथे तो छेद सर्वांत कच्चा. तुलना करायची तर १२ ते १७ वयोगटाची लोकसंख्या वेगळी काढा, आणि अंदाज कुठून घेतला ते तक्त्याखालीच लिहा.

वयाचंही बघून घ्या. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी. जन्मतारखांचा महिनावार तक्ता केलात तर १ जूनला डोंगर दिसेल. तो गुन्हेगारीचा नाही, पहिलीच्या प्रवेशाला गुरुजींनी टाकलेल्या तारखेचा आहे. सोळा आणि अठराच्या उंबरठ्यावरचं कुठलंही विश्लेषण १ जूनवाल्यांना बाजूला काढून पुन्हा एकदा करा. निष्कर्ष पालटला तर तो छापू नका.

आता 'कारणां'कडे. परिविक्षा अधिकारी (मंडळासाठी मुलाची चौकशी करणारे) पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल देतात, तो नमुना ६. कुटुंब, शाळा सोडल्याचं कारण, काम, मित्र, व्यसन, सगळे रकाने त्यात आहेत. संशोधकाला वाटतं खजिना सापडला. शंभर अहवाल वाचून बघा: कारणाच्या रकान्यात 'वाईट संगत व पालकांचे दुर्लक्ष' हे एकाच वळणाने, कधी एकाच फाईलमधून चिकटवलेलं. ते कारण नव्हे, बरीच प्रकरणं अंगावर असलेल्या माणसाचं घाईतलं मत आहे. म्हणून आधी एवढंच नोंदवा: घरी भेट झाली का, कोणत्या तारखेला, कोणाशी बोलणं झालं. गृहभेट नसलेले अहवाल वेगळ्या गठ्ठ्यात. उरलेल्यांतलं ठोस तेवढं घ्या (शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, कमावतं कोण, आधी मंडळापुढे आला होता का), आणि दोघांनी स्वतंत्रपणे संकेतांक (प्रत्येक प्रकारच्या उत्तराला ठरवलेला आकडा) द्या. कॅप्पा (दोघांचे संकेतांक किती जुळतात त्याचं माप) ०.६ च्या खाली गेला तर संकेतसूची पुन्हा लिहा, आकडे ओढूनताणून जुळवू नका.

मुलांशी थेट बोलायचं असेल तर परवानग्यांसाठीच तीन महिने धरा: विभागाचं पत्र, मंडळाची मंजुरी, निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांची वेळ, आणि नीतिसमितीची मान्यता. पालकांची संमती लागतेच. शिवाय मुलाची स्वतःची अनुमतीही हवी, बारा वर्षांपुढे लेखी. इथे एक चूक वारंवार होते, 'तू सांगशील ते कोणालाही कळणार नाही' असं वचन दिलं जातं. असं वचन देता येत नाही. लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ नुसार तो कळवणं बंधनकारक आहे. आणि संशोधकाच्या टिपणांना आपल्याकडे कायद्याचं संरक्षण नाही, त्या न्यायालय मागवू शकतं. म्हणून सुरू असलेल्या प्रकरणाबद्दल प्रश्नच विचारायचा नाही. दिनक्रम, शाळा, कामधंदा, वस्तीतले गट, पोलिसांशी येणारा संबंध यांवर विचारा. मुलाने आपणहून सांगायला सुरुवात केली तर पेन खाली ठेवा आणि का ठेवला ते त्याला सांगा.

ओळख उघड होण्याचा धोका नावाने कमी, तपशिलाने जास्त. 'अमुक प्रभागातला, आई नर्स, भाऊ तुरुंगात' एवढ्यावर अख्खी गल्ली मुलगा ओळखते. मुलाची ओळख उघड करायला मनाई करणाऱ्या, बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ चा भंग झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रभागनिहाय तक्त्यात पाचाच्या खालचे आकडे झाका, आणि बेरजेवरून वजा करून ते काढता येत नाहीत ना, तेही तपासा. हे दुसरं पाऊल हमखास राहतं.

प्रतिबंधक उपक्रमाचं मूल्यमापन आलं तर दोन गोष्टींवर अडून बसा. पहिली, तुलनागट. उपक्रम नेहमी गेल्या वर्षी आकडा उसळलेल्या ठाण्यात सुरू होतो. समजा सहावरून चौदावर गेलेला आकडा पुढच्या वर्षी नऊवर आला. काहीही न करताही तो तसाच खाली येऊ शकला असता. तुलनेला तितकंच उसळलेलं, पण उपक्रम नसलेलं ठाणं हवं. दुसरी, नमुन्याचा आकार. वर्षभरात पुन्हा पकडल्या जाणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून २० वर आलं हे दाखवायला प्रत्येक गटात साधारण २९० मुलं लागतात; २० वरून १५ दाखवायचं तर ९०० च्या आसपास (सार्थकता पातळी, म्हणजे फरक नसताना तो दिसण्याची शक्यता, ५ टक्के; पॉवर, म्हणजे असलेला फरक पकडण्याची शक्यता, ८० टक्के). मुलं एकेकटी न निवडता शाळा किंवा वस्त्या निवडल्या तर हा आकडा आणखी फुगतो: दर वस्तीत २५ मुलं आणि वस्तीअंतर्गत सहसंबंध (एकाच वस्तीतली मुलं एकमेकांसारखी किती, त्याचं माप) ०.०५ धरला तर २.२ पट. साठ मुलांच्या पायलटवरून 'परिणामकारक' लिहायला सांगितलं तर ही वाक्यं टिपणीत टाका आणि फक्त राबवणुकीबद्दल लिहा: किती बोलावली, किती आली, किती टिकली.

'मुलांना तुरुंग दाखवून आणू' ही सूचना दर दोन वर्षांनी येते. त्याला विरोध करताना संकोच नको. अमेरिकेतल्या अशा नऊ यादृच्छिक प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात गुन्हे कमी न होता वाढलेले दिसले. प्रेमाने केलेलं कामही अंगाशी येऊ शकतं. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज-सोमरव्हिल अभ्यासात ५०६ मुलगे होते, निम्म्यांना १९३९ पासून वर्षानुवर्षं मार्गदर्शन मिळालं. जोन मॅकॉर्ड यांनी १९७८ मध्ये निष्कर्ष छापले तेव्हा मदत मिळालेला गट काही बाबतींत उलट मागे होता. म्हणून 'झालं तर भलंच होईल' हे मूल्यमापन टाळायचं कारण होऊ शकत नाही.

पाठपुरावा लांबवू नका. दोषी ठरलेल्या मुलांच्या नोंदी अपिलाची मुदत किंवा सात वर्षांपर्यंत ठेवून नष्ट करायच्या असतात, आणि अठरानंतरचा गुन्हा वेगळ्याच रजिस्टरात जातो. दोन्ही जोडणारी यादी स्वतःच्या लॅपटॉपवर बनवण्याचा मोह टाळा.

अहवालात 'बालगुन्हेगार' हा शब्द येऊ देऊ नका. बाल न्याय कायद्याच्या तत्त्वांतच कलंक लावणारी भाषा टाळायला सांगितलंय. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा कायद्यातला शब्द जड वाटला तर 'मुलं' लिहा.

आणि विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की तारांकित प्रश्नाला (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाला) 'दोन तासांत माहिती' मागितली जाईल. तेव्हा अर्धवट तक्ता बाहेर जातो आणि पुढे तोच अधिकृत ठरतो. आधीच एक पान तयार ठेवा: तक्ता, त्याखाली 'हे फक्त एफआयआर आहेत, डायरीतल्या नोंदी यात नाहीत', आणि तारीख. ही ओळ तक्त्याच्या चित्रातच बसवा. वेगळी टीप असली तर पुढच्या टेबलावर ती गळून पडते.