माला-डी ही गर्भनिरोधक गोळी चालू असताना अँटिबायोटिक घेतलं तर गोळीचा परिणाम कमी होतो का? चहा, पपई, उपवास यांचं काय?

तुम्ही लिहिलंय की घसा धरला म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलंय, आणि शेजारच्या वहिनींनी सांगितलं की अँटिबायोटिक घेतलं की माला-डीचा उपयोग होत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनने तसं काही होत नाही. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल यांनीही होत नाही. दोन्ही गोळ्या निर्धास्तपणे चालू ठेवा. मी फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावात मेडिकल चालवते. काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक उभं असलं की हा प्रश्न बायका विचारायचाच टाळतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

वहिनींची भीती अगदीच हवेतली नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला असं लक्षात आलं की गोळी नियमित घेऊनही टीबीचा उपचार चालू असलेल्या काही बायकांना दिवस जात होते. कारण निघालं रिफॅम्पिसिन. हे औषध लिव्हरला असं कामाला लावतं की गोळीतले हार्मोन्स नेहमीपेक्षा कितीतरी लवकर शरीराबाहेर टाकले जातात. रिफॅम्पिसिन हेही अँटिबायोटिकच, त्यामुळे बोल सगळ्याच अँटिबायोटिक्सना लागला.

आपल्याकडे खरी काळजी करायची ती इथे. टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो आणि रिफॅम्पिसिन सहाही महिने असतं. ते बंद झाल्यावरही साधारण चार आठवडे लिव्हर त्याच वेगाने काम करत राहतं. पण टीबीच्या गोळ्या मिळतात सरकारी दवाखान्यात, माला-डी मिळते मेडिकलमध्ये किंवा आशाताईंकडे, आणि एकीकडचं दुसरीकडे कोणी विचारत नाही. माझ्याकडे एक ताई नेहमीसारखं पाकीट घ्यायला आल्या होत्या. पैसे देता देता म्हणाल्या, लघवी केशरी होतेय, उन्हाळी लागली असेल, काहीतरी द्या. रिफॅम्पिसिनने लघवी अशीच रंगते. टीबीचं चालू आहे का म्हटल्यावर त्यांनी आधी मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं आणि मग मान हलवली. अशा वेळी तांबी किंवा तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन हा चांगला मार्ग. दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि ती सोय होईपर्यंत निरोध वापरायचा. टीबीचं औषध मात्र एक दिवसही चुकवायचं नाही.

फिट्सच्या काही औषधांचंही असंच आहे: कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत उलटं होतं. माला-डीमुळे त्याचंच रक्तातलं प्रमाण घटतं आणि फिट परत येऊ शकते. फिट्सचं औषध स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना गोळीबद्दल जरूर सांगा.

तुमच्या बाबतीत एकच शक्यता लक्षात ठेवा. अ‍ॅझिथ्रोमायसिनने कधीकधी पोट बिघडतं. माला-डी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर लगेच दुसरी पांढरी (हार्मोनची) गोळी घ्या. जोराचे जुलाब किंवा उलट्या चोवीस तासांपेक्षा जास्त चालल्या तर ते दिवस गोळी चुकल्यासारखेच धरा.

आणि चुकण्यातच बहुतेक घोळ होतो. पाकिटात 21 पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या आणि 7 तपकिरी लोहाच्या असतात. तपकिरी चुकली तर गर्भनिरोधाला काही फरक पडत नाही. पण त्या सात दिवसांत बीजकोश हळूहळू जागे होऊ लागतात. सातव्या दिवसानंतर नवं पाकीट उघडायला दोन दिवस उशीर झाला, की स्त्रीबीज सुटू शकतं. बायका मधली एखादी गोळी चुकली की घाबरतात, पण माहेरी गेल्यामुळे नवं पाकीट उशिरा सुरू झालं तर त्याचं त्यांना काही वाटत नाही. खरा धोका त्या उशिरात जास्त.

एक पांढरी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली लगेच घ्या, आधीच्या सोडून द्या, आणि पुढचे सात दिवस निरोध वापरा. पांढऱ्या सातपेक्षा कमी उरल्या असतील तर तपकिरी गाळून थेट नवं पाकीट सुरू करा. पहिल्याच आठवड्यात चुकल्या आणि संबंध आलेला असेल तर संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायच्या इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळीबद्दल लगेच विचारा, वाट पाहू नका.

चहा, दूध, पपई, तिखट, पॅरासिटामॉल यांनी काही होत नाही. निर्जळी उपवासाला गोळी उपवास सोडताना घेतली तरी चालेल, काही तासांच्या फरकाने माला-डीचं काम बिघडत नाही.

शेवटचं, कारण गौरी-गणपतीच्या आधी हे हमखास घडतं. पाळी पुढे ढकलायची म्हणून माला-डी मध्येच थांबवून नॉरइथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या जातात. त्या गर्भनिरोधक म्हणून धरू नका. माला-डी चालू असेल तर त्यांची गरजही नाही. तपकिरी गोळ्या न घेता पुढच्या पाकिटातल्या पांढऱ्या सुरू केल्या की पाळी साधारणपणे पुढे जाते आणि संरक्षणही चालू राहतं.