‘नाइस’: मूर्ख, चोखंदळ, काटेकोर, छान

प्रश्न असा आहे: “इंग्रजी ‘नाइस’ या विशेषणाचा मूळ अर्थ ‘मूर्ख’ होता, म्हणून कुणाला ‘नाइस’ म्हणू नये, असा मजकूर मोबाइलवर फिरतोय. हे खरं आहे का? असेल तर मूर्खाचा छान कसा झाला? आणि जुन्या इंग्रजी लेखनात ‘नाइस डिस्टिंक्शन’ येतं, त्याचं मराठी काय करावं?”

माहिती खरी आहे, तिच्यावरून काढलेला सल्ला चुकीचा आहे. तिसरा प्रश्न भाषांतर करणाऱ्यांना रोज अडवणारा आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो. पण त्यासाठी आधी शब्दाची वाटचाल पाहायला हवी.

लॅटिनमध्ये ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. ‘सायन्स’, ‘कॉन्शन्स’, ‘कॉन्शस’ हे सगळे त्याच घरातले. त्याला नकाराचा ‘ने’ लागून ‘नेस्किउस’ झालं: न जाणणारा, अज्ञ. हा ‘ने’ आणि आपला ‘न’ सख्खे भाऊ आहेत. ‘नेस्किउस’ जुन्या फ्रेंचमध्ये झिजून ‘नीस’ झाला आणि अर्थ ‘भोळसट, खुळा, अडाणी’ असा उरला. इंग्लंडवर नॉर्मन राजवट आल्यावर जे हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत उतरले, त्यांत हाही आला. इसवी सन १३००च्या सुमारास तो इंग्रजी लेखनात दिसतो, आणि तिथे त्याचा अर्थ सरळ ‘मूर्ख’ असा आहे. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर तो याच अर्थाने वापरतो. उच्चारही तेव्हा ‘नीस’च्या जवळचा होता. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत इंग्रजीतले दीर्घ स्वर सरकले, त्यात ‘ई’चा ‘आइ’ झाला आणि आजचा ‘नाइस’ तयार झाला. (फ्रान्समधलं नीस शहर रोमन लिपीत अगदी याच अक्षरांनी लिहितात, पण त्या नावाचं मूळ ग्रीक आहे. त्याचा इथे काही संबंध नाही.)

स्पॅनिशमधला ‘नेसिओ’ आणि पोर्तुगीजमधला ‘नेश्सिउ’ हे त्याच लॅटिन शब्दाचे वारस आजही ‘मूर्ख, अज्ञानी’ याच अर्थाने वापरात आहेत. म्हणजे एकाच आजीची नातवंडं. दोघांनी घरचा अर्थ जपला, इंग्रजीत गेलेल्याने तो पार बदलला. इंग्रजीने पुढे याच लॅटिन कुळातला एक शब्द ग्रंथांतून पुन्हा उचलला. तो ‘नेशंट’, अर्थ ‘अज्ञ’. मराठी वाचकाला हे लगेच उमगेल, कारण आपल्याकडे तद्भव आणि तत्सम अशा जोड्या पावलोपावली आहेत. लोकांच्या तोंडून आलेला शब्द बदलतो, पोथीतून उचललेला तसाच राहतो.

आता मूर्खाचा छान कसा झाला ते पाहू. शब्द एका अर्थावरून थेट दुसऱ्यावर उडी मारत नाही. मधे एक असा अर्थ असतो, जो दोन्हीकडे पाय ठेवून उभा राहू शकतो. ‘नाइस’च्या बाबतीत तो अर्थ ‘नखरेल’ हा आहे. ज्याच्या वागण्यात खुळेपणा आहे, तो कपड्यालत्त्यात भपका करतो, चारचौघांत ताळ सोडतो. म्हणून चौदाव्या-पंधराव्या शतकांत ‘नाइस’ म्हणजे ‘छचोर, चंगळखोर’. जो नखरे करतो तो आढेवेढे घेतो. म्हणून ‘लाजाळू, आढेवेढे घेणारा’. ज्याचे नखरे खाण्यापिण्यात असतात, त्याला सहजासहजी काही पसंत पडत नाही, म्हणून ‘चोखंदळ’. इथे शब्दाने कूस बदलली. चोखंदळपणा एका नजरेने दोष, दुसऱ्या नजरेने गुण. चोखंदळ माणसाला बारीक फरक कळतो. मग माणसाचं विशेषण वस्तूला लागलं: जो फरक चोखंदळालाच कळावा तो फरक ‘नाइस’, म्हणजे सूक्ष्म, ज्या मोजमापात केसाचीही चूक खपत नाही ते ‘नाइस’, म्हणजे काटेकोर. हा अर्थ सोळाव्या शतकात पक्का झाला. चोखंदळाला जे आवडतं ते उत्तमच असणार, या वाटेने पदार्थ ‘नाइस’ झाला, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोणतीही आवडलेली गोष्ट ‘नाइस’ झाली, आणि एकोणिसाव्या शतकात ‘स्वभावाने चांगला, मायाळू’ हा अर्थही रुळला.

ही मांडणी समजायला सोपी जावी म्हणून केली आहे. प्रत्यक्षात हे अर्थ एकामागोमाग एक रांगेत आले नाहीत, पुष्कळसे एकाच वेळी नांदत होते. ऑक्सफर्डच्या ऐतिहासिक कोशाच्या संपादकांनीही नमूद केलं आहे की सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या अनेक वाक्यांत लेखकाला नेमका कोणता ‘नाइस’ अभिप्रेत होता ते ठरवणं अवघड आहे.

एक ठळक नमुना १५९०च्या दशकातल्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये मिळतो. तिसऱ्या अंकात टिबल्टशी झालेल्या मारामारीची हकीकत सांगताना रोमिओचा मित्र बेन्व्होलिओ म्हणतो की हे भांडण किती ‘नाइस’ आहे याचा विचार कर, असं रोमिओने टिबल्टला विनवलं होतं. पाचव्या अंकात, रोमिओकडे पोचायचं पत्र पोचलंच नाही हे कळल्यावर फ्रायर लॉरेन्स म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हतं. दोन्हीकडे अर्थ ‘क्षुल्लक’ असा आहे: इतका बारीक, की दुर्लक्ष करण्याजोगा. ‘ते पत्र छान नव्हतं’ असं भाषांतर केलं, तर नाटकाची शोकांतिका ज्या पत्रावर उभी आहे त्याचं महत्त्वच उडून जातं.

दुसरा नमुना जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’चा. ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, डिसेंबर १८१७मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या चौदाव्या प्रकरणात कॅथरिन एका पुस्तकाला जगातलं सगळ्यात ‘नाइस’ पुस्तक म्हणते, आणि हेन्री टिल्नी तिला छेडतो: नाइस म्हणजे नीटनेटकं ना? ते बांधणीवर अवलंबून. मग तो समजावतो की हा शब्द मुळात टापटीप, औचित्य, नाजूकपणा एवढ्यापुरताच असावा, आता मात्र तो कशालाही चालतो. हेन्रीची चूक नीट पाहण्यासारखी आहे. तो ज्याला मूळ म्हणतो तो अर्थ फार तर अडीच-तीनशे वर्षांचा. त्याच्या खाली ‘मूर्ख’ पुरलेला आहे आणि त्याच्याही खाली ‘अज्ञ’. मोबाइलवरचा मजकूर त्याच्यापेक्षा एक थर खाली गेला, एवढाच फरक. ‘मूळ अर्थ तोच खरा अर्थ’ हे मानलं की कुठे थांबायचं याला काही उत्तर नाही. शब्दाचा अर्थ आज बोलणारे आणि ऐकणारे मिळून ठरवतात. म्हणून कुणी तुम्हाला ‘नाइस’ म्हटलं तर तो अपमान नाही.

याचा दाखला द्यायला दूर जायला नको. संस्कृतात ‘मुह्’ धातूपासून एकाच प्रत्ययाने दोन रूपं होतात, ‘मूढ’ आणि ‘मुग्ध’. पाणिनीच्या व्याकरणात हा विकल्प सांगितलेला आहे. दोन्हींचा मूळ अर्थ ‘भांबावलेला, भान हरपलेला’. ‘मूढ’ मूर्खच राहिला. ‘मुग्ध’ मात्र अजाण, मग निरागस, मग लोभस, मग सुंदर असा सरकत गेला, आणि आज ‘मंत्रमुग्ध’ होणं हा आनंद आहे. ‘नाइस’ला समांतर याहून चांगलं उदाहरण मला दिसत नाही. कुणाला ‘मुग्ध’ म्हटलं म्हणजे ‘मूर्ख’ म्हटलं असं आपण धरत नाही, तोच न्याय ‘नाइस’ला लावावा.

हेन्रीच्या तक्रारीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे शब्द पातळ झाला हा, मात्र रास्त आहे. कोशकार फाउलरनेही १९२६च्या आपल्या इंग्रजी वापरकोशात, या शब्दाचं वेगळेपण जाऊन नुसता मोघम गोडवा उरला अशी तक्रार केली आहे. हेही आपल्याकडे घडलेलं आहे. संस्कृत ‘वर’, म्हणजे निवडक, श्रेष्ठ; त्याचा ‘बरा’. त्याच कुळातला ‘बरवा’ अभंगांत विठ्ठलाच्या रूपाला लागतो. कोकणीत ‘बरें’ अजून भरघोस ‘चांगलं’ आहे, ‘देव बरें करूं’ म्हणून आभार मानतात. मराठीत मात्र ‘नाटक कसं होतं?’ याला ‘बरं होतं’ हे उत्तर आलं की तिकिटाचे पैसे वाया गेले असं समजावं.

आता भाषांतराकडे. ‘नाइस’ दिसल्यावर आधी लेखनाचा काळ पाहावा, मग त्याच्यापुढचं नाम.

साधारण १५००च्या आधीचा मजकूर असेल तर ‘खुळा, छचोर’ हे अर्थ आधी तपासावेत. १५०० ते १७५० या काळात ‘छान’ हा अर्थ जवळपास बादच धरावा. त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत दोन्ही संभवतात आणि फसगत सर्वांत जास्त इथेच होते, कारण ‘छान’ लावूनही वाक्य वरवर जुळतं.

पुढे ‘डिस्टिंक्शन’, ‘पॉइंट’, ‘क्वेश्चन’, ‘बॅलन्स’, ‘जजमेंट’ अशी नामं आली, तर आजच्या लेखनातही अर्थ ‘सूक्ष्म, नाजूक, काटेकोर’ असाच असण्याची शक्यता मोठी. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे ‘बारीक फरक’ किंवा ‘सूक्ष्म भेद’. भारतीय न्यायालयांच्या इंग्रजी निकालपत्रांत ‘अ नाइस क्वेश्चन ऑफ लॉ’ हा प्रयोग आजही भेटतो. त्याचं ‘कायद्याचा छान प्रश्न’ करणं ही ढोबळ चूक. ‘कायद्याचा सूक्ष्म प्रश्न’ किंवा ‘बारकाव्याचा मुद्दा’ म्हणावं. न्यायाधीश तिथे प्रश्नाचं कौतुक करत नसतात. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो आणि निर्णय एका बारीक रेषेवर अवलंबून आहे, एवढंच सांगत असतात. ‘नाइस इअर’ म्हणजे सुरांतला बारीक फरक टिपणारा, तयार कान.

माणसाबद्दल असेल आणि पुढे कोणत्या बाबतीत ते आलं असेल, तर ‘चोखंदळ’. ‘नाइस इन हिज फूड’ म्हणजे खाण्याच्या बाबतीत चोखंदळ. नकारासह आलं, ‘नॉट टू नाइस अबाउट हिज मेथड्स’, तर विधिनिषेध न बाळगणारा, मार्गाची फारशी फिकीर न करणारा. ‘त्याच्या पद्धती फारशा छान नव्हत्या’ हे चूक: वाक्य पद्धतींविषयी नाही, त्या माणसाच्या सोवळेपणाविषयी आहे.

‘नाइस अँड वॉर्म’मध्ये ‘नाइस’ स्वतंत्र विशेषण नाही, पुढच्या विशेषणाला जोर देणारा शब्द आहे. ‘छान आणि उबदार’ असं दोन तुकड्यांत करू नये. ‘छान ऊबदार’, ‘मस्त ऊब’ पुरे. मराठीत ‘चांगला’ हेच काम करतो: ‘चांगला दोन तास थांबलो’ यात चांगलं काही घडलेलं नसतं. उपरोधाचा ‘नाइस’ तर सरळ ‘छान!’नेच उतरतो, कारण तो सूर दोन्ही भाषांत सारखाच आहे.

शेवटी ‘नाइसिटी’ हे नाम. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मूर्खपणा’ असा होता. आज एकवचनी ‘काटेकोरपणा’, अनेकवचनी ‘बारकावे’ किंवा ‘शिष्टाचाराच्या बारीकसारीक गोष्टी’, आणि ‘टु अ नाइसिटी’ म्हणजे तंतोतंत. विशेषण पातळ झालं तरी नामाने जुनी धार राखली आहे. म्हणून एखाद्या वाक्यातल्या ‘नाइस’चा अर्थ लागत नसेल, तर तिथे ‘नाइसिटी’ घालून वाक्य फिरवून पाहावं. अर्थ जुळला, तर ‘छान’ सोडून ‘सूक्ष्म’ लिहावं.