पोरांच्या शाळेचं: तुमचे प्रश्न, बाईंची उत्तरं

(दर महिन्याला येणाऱ्या पत्रांमधली थोडी इथे घेतो. उत्तरं देणाऱ्या बाई बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत तीस वर्षं शिकवून रिटायर झाल्यात. या वेळी बहुतेक पत्रं एकाच अडचणीची होती, राहायचं ठिकाण बदलतं आणि शाळा सुटते, म्हणून तीच घेतली.)

प्रश्न : थोरल्या भावाने मुकादमाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलीय, दिवाळी झाली की भाऊ-वहिनी ऊसतोडीला जाणार. पुतणी पाचवीत, पुतण्या दुसरीत, आणि एक तान्हं. वहिनी म्हणते पोरीला सोबत नेते, बारक्याला सांभाळायला कुणीतरी लागतंच. मला वाटतं दोघं इथंच राहावीत. पण आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, आमची स्वतःची दोन, आई म्हातारी, आणि बायकोचा चेहरा पडलाय. शाळेतलं ते हंगामी वसतिगृह म्हणजे नक्की काय असतं? तिकडं टाकावं का? (शिरूर कासार तालुका)

भाऊ, ठेवून घ्या. का ते आधी सांगते, कारण वहिनीला तुम्हालाच समजवायचंय.

पोरगी कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, गेली की काय होतं ते मी दर एप्रिलला पाहिलंय. आईबाप पहाटे तीन-चारला फडात जातात, मागं पाणी भरणं, भाकरी, बारक्याला झोळीत हलवणं हे सगळं दहा वर्षांच्या पोरीवर येतं. कारखान्याच्या जवळ शाळा असते, नाही असं नाही, पण टोळी आज या शिवारात तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या, आणि कर्नाटकात गेलात तर शाळा कानडी, मग पोरगी तिथं बसून करणार काय. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, परत येते तेव्हा वर्गातली पोरं भागाकारावर असतात आणि ही पाढे विसरलेली असते. पहिल्या वर्षी रडते, दुसऱ्या वर्षी मागच्या बाकावर बसते, तिसऱ्या वर्षी येतच नाही. आणि मग घरात बोलणं सुरू होतं की वयात आली, कोपीवर न्यायची कशी, गावात ठेवायची कुणाकडे, त्यापेक्षा उजवून टाका, जोडीने गेली की अजून एक कोयता (नवराबायकोची तोडीची जोडी) होतो. माझ्या वर्गातल्या हुशार म्हणाव्या अशा पोरी अशाच गेल्या. त्यांना अभ्यास जड गेला नव्हता हो, सहा महिने राहायला जागा नव्हती एवढंच.

आता हंगामी वसतिगृह. नाव ऐकून लोकांना मोठी इमारत, कॉट, वॉर्डन असं वाटतं. बऱ्याच गावांत तसं काही नसतं. शाळा व्यवस्थापन समिती सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय करते, दुपारचं शाळेतलं असतंच, आणि पोरं रात्री झोपायला आजीकडे नाहीतर चुलत्याकडे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पैसे येतात. काही लोक याला नावं ठेवतात की हे कसलं वसतिगृह, पण मला विचाराल तर दुसरीतल्या पोराला हेच चांगलं. आपली आजी, आपली गल्ली, तीच शाळा, तीच बाई. फक्त दोन वेळच्या भाकरीचा भार तुमच्या बायकोच्या डोक्यावरून जातो, आणि बहुतेक घरांत गाडं तिथंच अडलेलं असतं. माझं तर मत आहे की सरकारने अशा आजीला रीतसर काहीतरी मानधन द्यावं, खरी वॉर्डन तीच आहे, पण ते असो.

नाव आत्ताच द्या. लोक गाव सोडायच्या आत सर्व्हे होतो, यादीत नाव नसेल तर नंतर कुणी ऐकत नाही. मंजुरीला उशीर होतो आणि पहिले काही दिवस तुमच्याच चुलीवर जातील हेही धरून चाला. आमच्या शाळेत एका वर्षी टोळ्या जाऊन महिना झाला तरी पत्र आलं नव्हतं, तोवर आम्ही बायकांनी घरोघरून भाकऱ्या गोळा केल्या, आणि त्यातही दोन पोरं मुकादमाच्या गाडीत बसून निघून गेलीच.

पोरीचं पुढच्या वर्षीचं बघून ठेवा. सहावीपासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय आहे, राहणं-जेवण-शाळा एकाच ठिकाणी, पण ते प्रत्येक तालुक्यात नाही, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन विचारा जवळचं कुठलं. शिवाय ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं २०२१ मध्ये जाहीर झालीत, ४१ तालुक्यांत मिळून ८२, मुलांचं वेगळं मुलींचं वेगळं, प्रत्येकी १०० जागा. सगळी काही सुरू झालेली नाहीत आणि जी आहेत त्यातली काही भाड्याच्या इमारतीत आहेत, म्हणून कागदावर नाव दिसलं म्हणून पोरीला पाठवू नका, आधी स्वतः जाऊन संडास आणि रात्री कोण बाई थांबते ते बघून या.

बायकोचा चेहरा पडलाय म्हणता ते बरोबरच आहे तिचं, तिला कुणी विचारलंय का? भावाशी निघायच्या आधी स्पष्ट बोला, उचलीतले काही पैसे किराण्याला इथं ठेवून जायचे. भावाच्या रेशनकार्डावर तुमच्या आईचं नाव असेल तर तिच्या अंगठ्यावर धान्य गावातच उचलता येतं. आणि घरात दोघांना एक कोपरा द्या, दप्तर टांगायला एक खिळा, झोपायची जागा रोज तीच. हे फालतू वाटेल पण पाहुण्यासारखं राहिलेलं पोरगं अभ्यास करत नाही, ते सारखं वाट बघत असतं. रविवारी आईशी फोन लावून द्या, रोज नको, रोज लावला की रोज रडतात.

आणि समजा वहिनी ऐकलीच नाही, तर निदान मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन द्या सोबत. ते दाखवलं की जिथं जातील तिथल्या शाळेत दाखल्याशिवाय बसवून घेतात, पोरगी कुठल्या वर्गात, काय येतं हे त्यावर लिहिलेलं असतं. तान्ह्याचं मात्र कोड माझ्याकडूनही सुटलेलं नाही. कोपीवर पाळणाघर नसेल तोवर पोरीला नेणारच आया, त्यांना दोष देऊन काय करू.

प्रश्न : आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी गेल्या चार वर्षांत तीन खोल्या बदलून झाल्या, दर वेळी मालक भाडं वाढवतो नाहीतर घर खाली करा म्हणतो. मुलगा सातवीत, दोन शाळा झाल्या, आता तिसरीकडे घालायचं म्हणतात. मी फी भरायला तयार आहे पण फीने प्रश्न सुटेल असं वाटत नाही. (पुणे)

ताई, तुम्हाला बरोबर कळलंय, फीने नाही सुटणार. पैसे द्यायचेच असतील तर डिपॉझिटला द्या.

एक गंमत सांगते, म्हणजे गंमत नाहीच ती. अकरा महिन्यांचा करार दर वर्षी एक महिना मागं सरकतो. जूनमध्ये खोली घेतली तर एप्रिलअखेर संपतो, तोवर सुट्टी लागत आलेली असते, चालून जातं. पुढचा मार्चअखेर, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर. त्याच्या पुढचा फेब्रुवारीत. आपण म्हणतो पोराचं लक्ष नाही अभ्यासात, पण फेब्रुवारीत बोचकी बांधून टेम्पोत बसलेल्या पोराचं लक्ष कुठं असणार.

अकरा महिने हा काही नियम नाही. करार वर्षाच्या आतला ठेवला की नोंदणी टळते असा जुना समज आहे, पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे हाच भाड्याचा करार) कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदणी केलेलंच लागतं, आणि ती जबाबदारी मालकाची. मग नोंदवायचंच आहे तर बावीस किंवा तेहतीस महिन्यांचं करा, वाढ किती ती त्यातच लिहून टाका. मावशींना मालकाशी हे बोलणं जमणार नाही, तुम्ही नाहीतर तुमच्या मिस्टरांनी एकदा सोबत जा. शहरात नोंदणी फी हजार रुपये, वर थोडी स्टॅम्प ड्युटी, ऑनलाइन होतं सगळं. लहान मालक बिचकतात याला, काही सरळ नाही म्हणतील, पण दोन-चार ठिकाणी विचारून बघा. तोंडी व्यवहारात मालकाने रात्री सांगितलं की सकाळी निघायचं असतं.

आणि खोली बदलली म्हणून शाळा बदलायचीच असं कुणी सांगितलं? आधी शाळा धरा, मग तिच्या आसपास चालत जाण्यासारखी खोली शोधा, पाचशे रुपये जास्त पडले तरी. लांब जावं लागलंच तर बसचा पास काढून द्या, सातवीतला पोरगा जातो बसने. तिसरी शाळा म्हणजे तिसऱ्यांदा नवे मित्र, नवे सर, आणि आधीच्या शाळेने दाखला अडवला तर महिनाभर घरी. खरं तर दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम ५ मध्ये स्वच्छ लिहिलंय, पहिली ते आठवीला. पण मावशी एकट्या गेल्या की क्लार्क त्यांना उद्या या म्हणतो.

प्रश्न : आईबापांनी आपली पोरं आपण सांभाळावीत. सरकारने फुकट राहायला-खायला घालून सवय का लावायची? आम्ही पण गरिबीतच शिकलो. (अहिल्यानगर)

तुम्ही गरिबीत शिकलात, पण कुणाच्या घरी राहून? आमच्या पिढीत वार लावून (रोज वेगळ्या घरी जेवून) नाहीतर मामाकडे राहून शिकलेले ढिगाने आहेत, ते पण दुसऱ्याचंच छप्पर होतं. आणि हे काय आजचं फॅड नाही. शाहू महाराजांनी १९०१ ला कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क असं एकेक करत गेले, कारण खेड्यातून आलेल्या पोराला शहरात शाळा होती, राहायला जागा नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः तिथल्या जैन बोर्डिंगात राहिलेले. पुढं साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या पोरांना एका छपराखाली ठेवलं, तेव्हा पोरांच्या जेवणापायी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा. तुमच्या ओळखीत त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे कुणी शिक्षक असतील, त्यांना विचारा सवय लागून पोरं बिघडली का.

प्रश्न : मी दहावीला ७८ टक्के. अकरावी सायन्सला संभाजीनगरला नंबर लागलाय पण सरकारी हॉस्टेलच्या यादीत नाव नाही. आम्ही बौद्ध आहोत, वडील वीटभट्टीवर. ते म्हणतात आता राहू दे. (जालना जिल्हा)

राहू दे काय, अजिबात नाही. वडिलांना हे वाचून दाखव. सरकारी हॉस्टेल मिळालं नाही अशाच अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं. मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० मिळतात, संभाजीनगरला ५१,०००, त्यात जेवणाचे २८,०००, राहण्याचे १५,००० आणि बाकी निर्वाहाचे. समाज कल्याणच्या ऑफिसात जा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार जोडलेलं तुझ्या स्वतःच्या नावाचं खातं, आणि खोलीचा करार, हे सगळं आधी गोळा कर. तुझ्यासोबत बारावीच्या पुढं शिकणारी ओबीसी किंवा भटक्या जमातीची मैत्रीण असेल तर तिच्यासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आदिवासी असेल तर स्वयम्, म्हणजे तिघी-चौघी मिळून एक खोली घेता येईल, एकटी राहण्यापेक्षा ते बरं आणि वडिलांनाही धीर येईल.

पैसे मात्र वेळेवर येत नाहीत हे आत्ताच सांगते, जून-जुलैचं भाडं त्यातून निघेल असं समजू नकोस. पहिल्या चार-पाच महिन्यांची तजवीज कुठून करायची ते घरात बसून ठरवा, मामा असेल, गावातले कुणी नोकरीवाले असतील, उसने घ्या आणि आले की फेडा. वडील अजूनही नाहीच म्हणाले तर परत पत्र टाक, खाली फोन नंबर लिही, मी बोलते त्यांच्याशी.