सड्यावरची अंजनी अंगणात

प्रश्न : डिचोली तालुक्यात आमच्या घरामागे जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, आहे. तेथील एका सदाहरित झुडपाच्या फांद्या मार्च महिन्यात बारीक निळ्याजांभळ्या फुलांनी झाकून गेल्या होत्या. ही अंजनी असावी काय? ते झुडूप काढून अंगणात लावले तर जगेल का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून हे झुडूप बहुधा अंजनीच, म्हणजे शास्त्रीय नावाने ‘मेमेसिलॉन अंबेलेटम’, असावे, तरीही पाने पाहून खात्री करून घ्यावी. अंजनीची पाने समोरासमोर येतात, ती जाड, चिवट व तुकतुकीत असतात आणि त्यांवर मधली शीर तेवढी उठून दिसते. याच कुळातील मेलास्टोमाच्या पानांवर मात्र देठाकडून टोकाकडे जाणाऱ्या अनेक ठळक शिरा असतात. अंजनीच्या फुलाला चार पाकळ्या आणि आठ पुंकेसर असून, फुलांचे झुबके पानांच्या बगलेत आणि जेथील पाने गळून गेली आहेत अशा जुन्या फांद्यांवरही येतात. पुढे धरणारी लहान गोल फळे पिकल्यावर काळपट जांभळी होतात व त्यांच्या माथ्यावर निदलपुंजाचे, म्हणजे फुलाच्या सर्वांत बाहेरच्या वेढ्याचे, कडे राहते.

ते झुडूप मात्र कृपया उपटू नये. जांभ्याच्या भेगांत खोल गेलेली मुळे खणताना तुटतात आणि असे झाड सहसा जगत नाही. शिवाय सड्यावरील मधमाश्यांचा व पक्ष्यांचा आधारही नाहीसा होतो. त्याऐवजी पिकलेली फळे वेचून, गर धुऊन, बी वाळवत न ठेवता लगेच पेरावे. पिशवीत अंगणातील लाल माती, कुजलेला पाला आणि थोडी जाड वाळू घालावी, म्हणजे पाणी साचणार नाही. रोप अतिशय सावकाश वाढते, म्हणून पिशवीतच दोन पावसाळे जाऊ द्यावेत व नंतर जूनमध्ये पावसाने जोर धरल्यावर ते जमिनीत लावावे. पहिल्या उन्हाळ्यात बुंध्याशी पालापाचोळा पसरून बेताचे पाणी द्यावे. रासायनिक खताची गरज नाही.

कुंपणासारखी वरचेवर कातरणी केल्यास फुले धरणारे जुने लाकूडच निघून जाते. छाटणी करावयाचीच असेल, तर ती बहर आणि फळे संपल्यावर, तीही वाळक्या किंवा वाटेत येणाऱ्या फांद्यांपुरतीच करावी.