झाकण लावायच्या आधी

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपमधले पाच संपले. दोन आठवडे खड्डे खणण्यात, सिमेंट कालवण्यात आणि बॅटऱ्या वाहण्यात गेले. उरलेले तीन आठवडे भूकंपाची आधी पोचणारी पी लाट आणि मागून येणारी एस लाट कधी पोचली त्याच्या खुणा स्क्रीनवर करण्यात. आणि मग शेजारच्या टेबलावरच्या मुलाने अशा खुणा आपोआप करणारं फेजनेट हे सॉफ्टवेअर चालवलं, तर तुझं तीन आठवड्यांचं काम चहा निवायच्या आत झालं. ‘मग मी इथे नेमकं काय शिकतेय?’ असं तू विचारलं आहेस.

प्रश्न रास्त आहे, त्याकडे येतेच. पण पत्रासोबत तू तिसऱ्या भूकंपमापन स्टेशनची फील्डशीटही पाठवली आहेस, आणि तिच्या शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द आहेत : ‘सर्व ठीक’. ते वाचून मला खरंच राग आला. तुझ्यावर कमी, स्वतःवर जास्त. का ते सांगते.

‘सर्व ठीक’ ही नोंद नव्हे. सेन्सर समतल आहे का ते दाखवणारा बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध होता की काठाला टेकला होता? जीपीएसला उपग्रह सापडायला किती वेळ लागला? सापडलेच नाहीत तर नोंदी साठवणाऱ्या लॉगरचं घड्याळ हळूहळू सरकत जातं, आणि पृथ्वीच्या कवचात पी लाट सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते. एका सेकंदाची चूक म्हणजे सहा किलोमीटरची चूक. सेन्सरचा उत्तरेचा बाण कशावरून लावलास? होकायंत्र धरलंस तेव्हा सोलर पॅनेलची लोखंडी चौकट किती पावलांवर होती? जवळ झाड आहे का? वाऱ्याने झाड डोललं की मुळांसकट जमीन हलते, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी त्या थरथरीत छोटे भूकंप शोधत बसतं. हे सगळं खड्ड्यावर झाकण लावायच्या आधी लिहायचं. गाडीत बसल्यावर नाही, रात्री मुक्कामावर पोचल्यावर नाही. आधी लिही, मग झाकण लाव.

माझं एक स्टेशन होतं, ग्रॅनाइटच्या उघड्या खडकावर. जागा इतकी सुरेख की सेन्सर ठेवताच कंपनांची रेघ शांत झाली. संध्याकाळ होत आली होती, पाऊस समोरच्या टेकडीपर्यंत पोचला होता. मी होकायंत्र लावलं, बाण जुळवला, झाकण ठेवलं, माती ओढली आणि वहीत लिहिलं, ‘उत्तर – ठीक’. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, आपल्याला खरी उत्तर हवी असते. मधला कोन, म्हणजे दिक्पात, कुठे मिळवायचा आणि कुठे वजा करायचा हे मला झोपेतही येत होतं. त्या संध्याकाळी मी तो मिळवला, वजा केला, की विसरले? आजही सांगता येत नाही, कारण लिहिलंच नाही.

पुढच्या वर्षी तुझ्याच वयाची एक मुलगी इंटर्न म्हणून आली. पी लाटेत जमीन लाटेच्या प्रवासाच्या दिशेतच पुढेमागे होते, त्यामुळे सेन्सरच्या दोन्ही आडव्या घटकांवरून, म्हणजे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हालचालींच्या नोंदींवरून, लाट कुठून आली ते काढता येतं. ती ते काढत होती. एक दिवस येऊन म्हणाली, “मॅडम, या स्टेशनवर सगळे भूकंप थोडे उजवीकडून येतात.” किती नेमकं वाक्य! मी मान वर न करता म्हटलं, “गोंगाट असेल. पुढचं स्टेशन घे.” तिने घेतलं. तिचे आठवडे संपले, ती गेली. मी त्या स्टेशनचे आकडे घेऊन कवचातल्या खडकांच्या दिशेबद्दल मोठा शोधनिबंध लिहिला, आणि परीक्षकाने एका ओळीत विचारलं की सेन्सरची दिशा कशी तपासली होती. मी वही उघडली. ‘उत्तर – ठीक’. निबंधाचा कणाच गेला. दोन वर्षांच्या नोंदी होत्या, त्या आम्ही दूरच्या भूकंपांवरून कशाबशा वळवून घेतल्या. पण त्या मुलीला मी कळवलं ते चार वर्षांनी. तोवर तिने हा विषय सोडला होता. माझ्यामुळेच सोडला असं ती म्हणाली नाही. मला मात्र ते पुसून टाकता आलेलं नाही.

आता फेजनेट. वापर की! मीही वापरते. पण ते कशावर शिकलं ते बघ. उत्तर कॅलिफोर्नियात तीस वर्षांहून अधिक काळ माणसांनी एकेका रेघेवर डोळे रोवून केलेल्या खुणांवर. यंत्राचा वेग त्या लोकांच्या चिकाटीवर उभा आहे. १९३६ साली डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी पृथ्वीच्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे असं मांडलं, ते १९२९च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या नोंदींवरून. जिथे पी लाट पोचायलाच नको होती तिथे, दूर रशियातल्या स्वेर्दलोव्स्क आणि इर्कुत्स्कच्या कागदांवर, ती दिसत होती. त्या स्टेशनांवर कागद बदलणाऱ्यांची नावं पाठ्यपुस्तकात येत नाहीत. तू विचारतेस, खड्डे खणणं हे संशोधन आहे का. खणणं नाही. खणून जे केलंस ते पुढच्या माणसाला जसंच्या तसं कळेल असं लिहून ठेवणं, हे संशोधन आहे.

माझ्याबद्दल लोक काय म्हणतात ते तुझ्याही कानावर आलं असेल. मॅडमच्या इंटर्नचं आठ आठवड्यांत परिषदेत मांडण्याजोगं पोस्टर होत नाही, त्या दोनशे भूकंप हाताने करायला लावतात, वही बघितल्याशिवाय कोड हातात देत नाहीत. हे सगळं खरं आहे. पोस्टर नसल्यामुळे एकदोघांचं नुकसान झालं, तेही मला ठाऊक आहे. तरी मी बदलणार नाही. हाताने दोनशे रेघा बघितल्याशिवाय यंत्र कुठे चुकतंय हे डोळ्याला कळत नाही, आणि आधी डोळा तयार झाला पाहिजे. हा माझा हट्ट म्हण. त्याची किंमत मी भरलेली आहे, म्हणून तो मला परवडतो.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. तुझ्या खुणांची फाइल मी काल रात्री पूर्ण चाळली. एकशे सत्तावीस नंबरच्या भूकंपापुढे तू प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं आहेस, ‘पीच्या दोनेक सेकंद आधी रेघ किंचित हलली आहे, कदाचित माझा भास’. फेजनेटने ठळक पी उचलली आणि पुढे गेलं. तू थांबलीस, आणि थांबलीस ते लिहिलंस. अख्ख्या फाइलमध्ये मला सगळ्यात आवडलेली ओळ तीच आहे, आणि तू पत्रात तिचा साधा उल्लेखही केलेला नाहीस!

त्यातला ‘माझा भास’ खोडून टाक. मग त्या भूकंपाची एस आणि पीमधली सेकंदं मोज आणि आठाने गुण, म्हणजे किलोमीटरमध्ये अंदाजे अंतर मिळेल. ते दोनशेच्या पुढे गेलं, तर ऑक्टोबर १९०९ मध्ये क्रोएशियातल्या झाग्रेबजवळ झालेल्या भूकंपाच्या नोंदींत तिथले भूकंपशास्त्रज्ञ आंद्रिया मोहोरोविचिच यांना एकाऐवजी दोन पी का दिसल्या ते शोधून वाच. त्याआधी मला काही विचारू नकोस, मी सांगणार नाही. वाचून झालं की शेजारच्या तीन स्टेशनांवर तोच भूकंप उघड, अंतराच्या क्रमाने रेघा एकाखाली एक लाव, आणि ती आधीची हालचाल लांब जाताना ठळक पीपासून कशी दूर सरकते ते मोजून ठेव.

सोमवारी तुम्ही बॅटऱ्या बदलायला तिसऱ्या स्टेशनवर जाणार आहात ना? झाकण उघडलंस की आधी बाणाची दिशा वाच. चौकटीपासून लांब उभी राहून होकायंत्र धर. दिक्पात किती घेतलास, मिळवलास की वजा केलास, ते शब्दांत लिही. पानाचा फोटो तिथूनच पाठव. मी फोनजवळ बसलेली असेन.

तुझी,
मॅडम