प्रश्नोत्तरे : सँडविच, मळी आणि मानमोडी

विसाव्या शतकाची पहिली वीस वर्षं म्हटली की प्रश्नांचा ढीग पडतो, आणि त्यातले निम्मे फॉरवर्ड वाचून आलेले असतात. चालायचंच. या वेळी पाच घेतलेत.

प्रश्न : पहिलं महायुद्ध एका सँडविचमुळे झालं असं वाचलं. मारेकरी सँडविच खायला थांबला आणि युवराजाची गाडी नेमकी तिथेच आली म्हणे. खरं का?

उत्तर : सँडविचला काही आधार नाही, पण बाकीचं जे घडलं ते त्याहून भारी आहे. २८ जून १९१४, सारायेव्हो. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड बायकोसोबत उघड्या गाडीतून चाललेला आणि रस्त्यात मारेकरी एक नाही, अख्खी टोळी उभी. त्यातल्या चाब्रिनोविचने बॉम्ब टाकला, तो गाडीच्या दुमडलेल्या टपावरून उडून मागच्या गाडीखाली फुटला. पठ्ठ्याने सायनाइड खाल्लं आणि नदीत उडी मारली, पण सायनाइडने नुसत्या उलट्या झाल्या आणि नदीला पाणी जेमतेम घोट्याएवढं, मग लोकांनी धरून चोपला. एवढं झाल्यावर दुसरा कोणी मुकाट परत गेला असता, पण युवराज टाउन हॉलचा कार्यक्रम उरकून म्हणाला जखमींना बघून येऊ. रस्ता बदलायचं ठरलं, नदीकाठाने सरळ जायचं, फक्त हे ड्रायव्हरला कोणी सांगितलंच नाही! त्याने लॅटिन पुलापाशी आधीच्या रूटप्रमाणे गाडी वळवली, गव्हर्नर ओरडला, ब्रेक लागला आणि गाडी थांबली ती १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपच्या पुढ्यात. दोन गोळ्या, नवराबायको दोघंही गेले. तिथे खाण्यापिण्याचं दुकान होतं हे खरं, त्यातून पुढे कोणीतरी सँडविच बनवलं. प्रिन्सिपला फाशी झाली नाही, वयाची वीस पूर्ण नव्हती म्हणून, तो १९१८ मध्ये तुरुंगात क्षयाने गेला. आणि हो, नुसत्या चुकीच्या वळणाने युद्ध होत नसतं, ऑस्ट्रियाने या हत्येचा ठपका ठेवून शेजारच्या सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला तोच मुळी २३ जुलैला, मधला जवळजवळ महिना सगळ्यांच्या हातात होता.

प्रश्न : रशियाची ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरला का साजरी करतात?

उत्तर : आपल्याकडे शिवजयंती तारखेची की तिथीची यावर जी जुंपते ना, साधारण तसलंच समजा. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं, ते १३ दिवस मागे. त्यांचा २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे बाकी जगाचा ७ नोव्हेंबर. नंतर लेनिनच्या सरकारने कॅलेंडरच बदललं, ३१ जानेवारी १९१८ ला झोपलेले लोक उठले ते १४ फेब्रुवारीला.

प्रश्न : अमेरिकेत मळीचा पूर येऊन माणसं मेली असं मुलगा सांगतो. मी साखर कारखान्यात नोकरी केली आहे, मळी किती संथ वाहते ते मला विचारा. हे शक्य आहे का?

उत्तर : मुलगा बरोबर आहे. बॉस्टन, १५ जानेवारी १९१९, दुपारी साडेबाराच्या सुमारास. बंदराजवळ मळीची टाकी होती, ५० फूट उंच, ९० फूट रुंद, आत २३ लाख गॅलन माल. मळी कशाला, तर औद्योगिक अल्कोहोल करायला, जे युद्धाच्या काळात दारूगोळ्याला लागायचं, त्यामुळे टाकी घाईघाईत उभी केलेली. पूर्ण पाणी भरून टेस्ट करायला हवी होती, यांनी तळाला सहा इंच पाणी सोडून टेस्ट झाली म्हटलं. पत्रा हवा त्याहून पातळ. पहिल्यापासून गळायची, आजूबाजूची पोरं डबे घेऊन ठिबकणारी मळी भरून न्यायची, यावर कंपनीने उपाय काय केला तर टाकीला तपकिरी रंग दिला, म्हणजे ओघळ दिसायला नको.

तुमचा संथपणाचा मुद्दा चूक नाही, पण तुम्ही पाइपातून येणारी मळी बघितलीय. इथे ५० फुटांचा ढीग एका क्षणात मोकळा झाला, सुरुवातीची लाट २५ फूट उंच, वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास. घरं पायावरून सरकली, वरून जाणाऱ्या रेल्वेचे गर्डर वाकले. मग थंडीने ती घट्ट व्हायला लागली आणि अडकलेल्यांना बाहेर काढणं अजून कठीण, तुमच्या संथ मळीने घात केला तो इथे. २१ माणसं गेली, सुमारे १५० जखमी, घोडे किती ते वेगळेच. कोर्टात कंपनी म्हणाली बॉम्ब ठेवला होता, अराजकवाद्यांनी. काही वर्षं केस चालली आणि शेवटी दोष कंपनीवरच आला.

प्रश्न : आजी 'मानमोडी'च्या साथीबद्दल सांगायची. तीच का स्पॅनिश फ्लू? आणि स्पेनचा काय संबंध?

उत्तर : तीच. स्पेनचा संबंध एवढाच की तो युद्धात नव्हता. बाकी देशांत पेपरांवर सेन्सॉर, सैनिक तापाने मरतायत हे छापायची सोय नाही, स्पेनचे पेपर मोकळेपणी छापत होते, त्यात खुद्द राजा आल्फोन्सो आजारी पडला, मग काय, नाव त्यांच्या गळ्यात. आपल्याकडे मुंबईत जून १९१८ मध्ये बंदरातून शिरली, पहिली लाट त्या मानाने सौम्य, सप्टेंबर-ऑक्टोबरची मात्र भयानक. त्यात पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग, चाळीत एकेका खोलीत आठ-दहा माणसं. एरवीचा फ्लू म्हातारी आणि तान्ही नेतो, याने वीस ते चाळीसचे धडधाकट नेले, म्हणून तर घरंच्या घरं उघडी पडली. भारतात एक कोटीच्या वर मृत्यू झाले, अंदाज १.२ ते २ कोटी असे वेगवेगळे आहेत. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९११ ला २५.२१ कोटी होती, १९२१ ला २५.१३ कोटी. दहा वर्षांत वाढायची सोडून घटली, जनगणनेत असं दशक हे एकच. तुमच्या आजीने जे जे सांगितलंय ते लिहून ठेवा, प्लीज.

प्रश्न : राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवलं. मग शाळेत राइट बंधू का शिकवता?

उत्तर : मला माहीत होतं हा प्रश्न येणार. तळपदे खरे होते, विमानविद्येचा नाद खरा होता, पण त्या उड्डाणाची त्याच वेळची विश्वासार्ह नोंद अजून पुढे आलेली नाही, जे आहे ते सगळं नंतर सांगितलेलं. राइट बंधूंचं १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण बघायला गेलं तर किरकोळच, १२ सेकंद, १२० फूट. पण पाच माणसं साक्षीला उभी होती आणि फोटो आहे, तोही किनाऱ्यावरच्या जीवरक्षक दलातल्या एकाने काढलेला ज्याने आयुष्यात कधी कॅमेरा हाताळला नव्हता. चौथ्या खेपेला ५९ सेकंद झाले, मग वाऱ्याने विमान उलटंपालटं केलं आणि ते परत कधी उडालं नाही. चौपाटीचा असा एखादा कागद, १८९५ चं कात्रण, कोणाच्या घरच्या ट्रंकेत निघालं तर आधी मला कळवा, चहा माझ्याकडून आणि हे उत्तर मी स्वतः खोडेन.